पूर्ण गुण त्यालाच, ज्याने लघुत्तमाला महत्तम म्हटलं

२८ सेंटिमीटरची तार. तिचे दोन तुकडे करायचे, एकाचं वर्तुळ वळायचं, दुसऱ्याचा चौरस, आणि दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ लघुत्तम, म्हणजे कमीत कमी, कधी होईल ते काढायचं. बारावी सायन्स केलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, हे गणित येतं. भाचीच्या क्लासने परवाच्या टेस्टमध्ये 'लघुत्तम'च्या जागी 'महत्तम', म्हणजे जास्तीत जास्त, घातलं. सोडवलेलं उत्तर मात्र जुनंच ठेवलं.

त्यांच्या मॉडेल आन्सरप्रमाणे महत्तम क्षेत्रफळ येतं २७.४ चौरस सेंटिमीटर. अहो, तार कापूच नका! अख्ख्या तारेचा चौरस केला तर बाजू ७ आणि क्षेत्रफळ ४९. यासाठी डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) लागत नाही, सातचा पाढा लागतो. अख्ख्या तारेचं वर्तुळ केलं तर ६२.४. म्हणजे यांचं 'महत्तम' नुसत्या वर्तुळाच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि हा कागद छापला गेला, वाटला गेला, त्यावरून पेपर तपासले गेले, आणि वाटेत एकाही माणसाला थांबून ४९ शी ताडून बघावंसं वाटलं नाही.

माझा संताप होतोय तो भाचीच्या पेपरमुळे. तिने सेकंड डेरिव्हेटिव्ह (डेरिव्हेटिव्हचा डेरिव्हेटिव्ह) काढला, तो धन आला, म्हणून लिहिलं की मधला बिंदू लघुत्तमाचा आहे, महत्तम इथे मिळणार नाही. मग ती दोन्ही टोकांना गेली. सगळी तार चौरसाला, ४९. सगळी तार वर्तुळाला, ६२.४. आणि खाली एक वाक्य लिहिलं: दोन्ही तुकडे असलेच पाहिजेत अशी अट असेल तर महत्तम मूल्य अस्तित्वातच नाही, ६२.४ च्या हवं तितकं जवळ जाता येतं पण तिथे पोचता येत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने, घड्याळाकडे बघत, हे स्वतःच्या डोक्याने लिहिलं. मी गणितात बीएस्सी केलंय. हे वाक्य लिहायची समज यायला लोकांना कॉलेजची वर्षं लागतात.

चारपैकी शून्य. शेजारी लाल पेनाने 'मेथड चुकली'.

त्यांचं मॉडेल आन्सर मी ओळ न ओळ वाचलं. पहिला डेरिव्हेटिव्ह बरोबर. तो शून्य धरून आलेली किंमत बरोबर. सेकंड डेरिव्हेटिव्हही बरोबर, आणि तो शून्यापेक्षा मोठा आहे असं स्पष्ट छापलंय. त्याच्या पुढची ओळ: 'म्हणून क्षेत्रफळ महत्तम आहे.' धन म्हणजे लघुत्तम, ऋण म्हणजे महत्तम, हे एवढंच तर त्या पोरांकडून वर्षभर घोकून घेतात! स्वतःच घोकून घेतलेला नियम स्वतःच्याच कागदावर पाळता येत नाही. ज्या मुलांनी ही ओळ जशीच्या तशी उतरवली त्यांना चारपैकी चार.

भाची सरांकडे गेली. घरी येऊन म्हणाली, "अगं आत्या, सर म्हणाले बोर्डाची मेथड हीच आहे, तू टोकं बिकं कशाला काढत बसलीस, तेवढ्या वेळात दुसरं गणित झालं असतं." मग मी फोन केला. सर फोनवर आले नाहीत. ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, आन्सर शीट वरून येते, सगळ्या शाखांना एकच असते." मी म्हटलं, म्हणजे सगळ्या शाखांत चुकीचीच गेली. तर म्हणाल्या, "सीईटीला स्टेप्स कोण बघतं? तुम्ही टेन्शन घेऊ नका." इतकी फी भरून वर टेन्शनही मी घ्यायचं नाही?

सीईटीचं नाव निघालंच आहे तर तेही बोलते. ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, घाई मला कळते. पण म्हणून गोलात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या शंकूचं घनफळ गोलाच्या आठ सत्तावीसांश, एवढंच पाठ करून घ्यायचं? तो शंकू उभा कापून आकृती काढा, उंची आणि त्रिज्या यांचं नातं पायथागोरसने मांडा, मग घनफळ एकाच चलात लिहा. खरं गणित तिथे आहे. शेवटचा डेरिव्हेटिव्ह पाच ओळींचा हिशेब आहे, तो यंत्रही करतं. पोरांना नेमकी ती पाच ओळींची शेपटी शिकवतात आणि आधीचं सगळं 'समजा' म्हणून फळ्यावर तयार देतात. पहिल्याच दिवशी फंक्शन हातात ठेवलं तर पोरगं शिकणार काय?

आणि डोमेन, म्हणजे चलाची किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते ते! डोमेन लिहायला कोणाच्या बापाचं काय जातं? पत्र्याच्या डब्याचं ते गणित घ्या. १८ सेंटिमीटरचा चौरस पत्रा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून बाजू वर दुमडायच्या. डेरिव्हेटिव्ह शून्य धरला की दोन किमती येतात, ३ आणि ९. सगळी पोरं इमानदारीने लिहितात, '९ शक्य नाही.' का शक्य नाही विचारलं की उत्तर येतं, सरांनी सांगितलं. अरे, चारही कोपऱ्यांतून ९-९ कापले तर पत्राच उरत नाही! आधी एका ओळीत लिहा की कापायचा तुकडा ० आणि ९ च्या मधे आहे. मग ती ९ किंमत कोणी सांगायच्या आधीच गळते. तारेच्या गणितातही हीच एक ओळ लिहिली असती तर टोकं दिसली असती, आणि टोकं दिसली असती तर ४९ दिसलं असतं. हाच सगळा मुद्दा आहे आणि यालाच गुण नाहीत.

डब्यावरून दुसरा डबा आठवला. दिलेलं घनफळ मावणारा, कमीत कमी पत्र्याचा गोल बंद डबा काढा, तर उंची व्यासाइतकी येते. गेल्या वर्षी भाचीने स्वयंपाकघरातला टिनचा डबा पट्टीने मोजला, तो उंच निघाला. तिने वर्गात विचारलं, असं का? उत्तर मिळालं, 'पोर्शनच्या बाहेर आहे.' बाहेर कशाचं डोंबल! झाकण आणि तळ गोल असले तरी चौकोनी पत्र्यातून कापले की कोपरे वाया जातात. तो वाया जाणारा पत्राही हिशेबात धरा. तोच डेरिव्हेटिव्ह, तीच मेथड, आणि उंची येते त्रिज्येच्या सुमारे २.५५ पट. डबा उंच होतो. शिवाय खऱ्या डब्याला सांध्यांचाही खर्च असतो. दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्या दहा मिनिटांत वर्गातल्या साठ पोरांना कळलं असतं की हे शास्त्र कशासाठी आहे. त्याऐवजी तिला गप्प बसवलं. तेव्हा मीही गप्प बसले. आता बसणार नाही.

खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६१३ साली दुसरं लग्न केलं, तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंझच्या घरात वाइनची पिंपं आणली. व्यापाऱ्याने पिंपाच्या भोकातून तिरकी काठी आत घातली, ती किती ओली झाली ते बघितलं आणि तेवढ्यावर किंमत सांगितली. पिंप बुटकं असो की लांबोळं, काठी तेवढीच भिजली की दाम तेवढाच! केपलरला ते पटलं नाही. त्याने हिशेब मांडला, १६१५ साली छापला, आणि महत्तमाच्या आसपास घनफळ फारसं बदलत नाही हे टिपून ठेवलं. तेव्हा न्यूटन जन्मलाही नव्हता. लायब्निझने १६८४ मध्ये कॅल्क्युलसवरचा आपला पहिला लेख छापला, त्याच्या शीर्षकातच महत्तम-लघुत्तम आहेत. आपल्या भास्कराचार्यांनी १२व्या शतकात नोंदवलंय की ग्रहाचं फल (सरासरी आणि खऱ्या स्थानातला फरक) जिथे परम असतं तिथे त्याचं गतिफल (त्या फरकाच्या बदलाचा वेग) शून्य होतं. त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, इथे महाराष्ट्रात. २२ डिसेंबरला गणित दिनाचे बॅनर लावताना भास्कराचार्य बरोबर आठवतात. मग वर्गात एखादं पोरगं स्वतः विचार करायला लागलं की त्याच्यावर लाल पेन का चालतं?

भाची आता म्हणते, "जाऊ दे आत्या, पुढच्या वेळी त्यांना हवं तेच लिहिते." या वाक्याने मला त्या शून्यापेक्षा जास्त त्रास झालाय. वर्षभर मी तिला एकच सांगत आलेय: उत्तर आलं की ते प्रश्नात परत घालून बघ, शक्य आहे का बघ. तिने तेच केलं आणि तेवढ्यासाठीच ती मार खाऊन आली.

मी लेखी पत्र दिलंय. तिचे गुण वाढवा असं त्यात लिहिलेलं नाही. सुधारलेलं उत्तर सगळ्या शाखांना पाठवा आणि ज्यांना चारपैकी चार दिलेत त्यांना वर्गात उभं राहून सांगा, एवढीच मागणी आहे. अजून उत्तर नाही. ग्रुपवर काल मेसेज आला तो पुढच्या टेस्टच्या पोर्शनचा. त्या पोरांच्या वह्यांत धन सेकंड डेरिव्हेटिव्हच्या खाली 'महत्तम' लिहिलेलं आहे, बरोबरची खूण करून, आणि बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरला ती त्याच वह्या वाचून बसणार आहेत.