डंपरचं वजन

काल संध्याकाळी शेजारचे तात्या ताणकाटा घेऊन आमच्या खळ्यात आले, डंपरचे पाय सुतळीनं बांधले आणि त्याला उलटा टांगून वजन केलं. मला विचारलं नाही ते नाहीच, वर मलाच म्हणाले, "जरा वर धर रे."

डंपर म्हणजे आमचा कोंबडा. नाव पोरानं ठेवलंय, पाच वर्षांचा आहे, त्याच्या जगात डंपरपेक्षा मोठं काही नाही.

कोंबड्या पाळण्याचं खूळ त्याच्यामुळेच. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बघून त्यानं रस्त्यावर लोळण घेतली. ती पिल्लं बहुतेक अंड्यांच्या हॅचरीतले नको झालेले नर असतात, अंडी देणार नाहीत, मांसही धरणार नाहीत, म्हणून रंग फासून पोराटोरांच्या गळ्यात. मग आम्ही शहाण्यासारखी गिरीराज या सुधारित जातीची पिल्लं आणली. विकणारा म्हणाला, "सगळ्या तलंगा आहेत साहेब." तलंगा म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, माद्या. एक दिवसाच्या पिल्लाबद्दल हे इतक्या छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसानं खरं तर निवडणूक लढवायला हवी. पुढे एकेकाचे तुरे लाल व्हायला लागले आणि निम्म्या तलंगा आरवायला लागल्या. डंपर सोडून बाकीचे कोंबडे मामाकडे राहायला गेलेत असं पोराला सांगितलंय, मामाला अजून फोन करून सांगायचंय.

आणि मानमोडीची लस! मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग, लसीचं नाव लासोटा. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात एक थेंब, एवढंच काम. पण बाटली मिळते शंभर डोसाची, आणून ठेवायची बर्फात, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. आमची पिल्लं दहा. म्हणजे थर्मासात बर्फ घालून, एसटीत मांडीवर घेऊन, बाळाच्या औषधासारखी जपत आणलेली लस नव्वद टक्के फेकून दिली. हे खर्च कुणी विचारत नाही हां. विचारतात काय, तर "गावठी अंडी हत काय?" गिरीराज गावठी नव्हे हे सांगून सांगून मी दमलो, अंडं तपकिरी दिसलं की लोकांना गावठीच वाटतं, आणि गावठी म्हटलं की फुकट.

तर तात्या. काटा आमच्या फणसाच्या फांदीला अडकवलेला, डंपर खाली डोकं करून पंख पसरून लटकलेला, आणि तात्या चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतायत.

"पावणेतीन. सोललो काय दोनाक पडतलो."

पोरगं टाळ्या पिटत होतं. त्याला वाटलं अंगणवाडीतलं वजन चाललंय, तिथे बाळांना असंच झोळीत घालून काट्याला टांगतात, त्याच्या आत्तेबहिणीला परवाच टांगलं होतं. म्हणाला, "तात्याआजोबा, डंपर हिरव्यात आहे की पिवळ्यात?"

अंगणवाडीच्या कार्डावर हिरवा पट्टा म्हणजे बाळ चांगलं. तात्यांना हे काय माहीत असणार. ते म्हणाले, "लाल रश्शात बरो लागता."

"लाल म्हणजे वजन कमी," पोरगं काळजीत पडलं. "बाबा, त्याला खाऊ वाढवायला पाहिजे."

"तर रे!" तात्या खूश. "बापाशीक सांग, कणी घाल म्हणान. गटारीक अजून पंधरा दिवस आसत."

"गटारीला काय असतं?"

"डंपरचो वाढदिवस."

आता हे मी कसं निस्तरायचं? पोरगं कालपासून वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी करतंय. यादीत पहिलं नाव तात्यांचं.

राग कशाचा येतो सांगू का, हेच तात्या सहा महिने पहाटेच्या आरवण्यावरून माझं डोकं खातायत. "चार वाजल्यापासून बोंबलता, खुराड्यावर गोणपाट टाक, उजेड दिसलो नाय तर गप बसात." गोणपाट टाकलं. काही फरक नाही. कोंबडा उजेड बघून आरवतो असं नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं, २०१३ साली जपानी संशोधकांनी कोंबडे मंद उजेडात ठेवून हे दाखवलंय, बाहेर काही दिसो न दिसो ते पहाटेच्या सुमारास आरवतातच. हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "जपानात काय कोंबड्यांक घड्याळां घालतत?" आणि आता त्याच बोंबलणाऱ्याचा रस्सा पाहिजे. पैसे द्यायची गोष्ट नाही, वजन मात्र स्वतःच्या काट्यावर. कोंबडा शेजाऱ्याचा, खाद्य शेजाऱ्याचं, मुंगूस आलं तर रात्री टॉर्च घेऊन धावणार शेजारी, आणि वाटा? वाटा समान, कारण शेजारधर्म.

वडे कोण करणार तेही ठरवून मोकळे झालेत. माझी बायको.

काटा फांदीलाच राहिला होता. "असांदे, लागतलो," म्हणाले जाताना. मला ते बघवेना म्हणून आज सकाळी काढून त्यांच्या घरी द्यायला गेलो. काकूंनी काटा घेतला, माझ्या हाताकडे बघितलं, मग मागे बघितलं, आणि म्हणाल्या, "आणि अंडी?"