‘दोष दाखवून सौदा मोडला’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. आपण पसंत केलेल्या 1967 च्या एमजीबी रोडस्टर या जुन्या ब्रिटिश उघड्या मोटारीच्या, खरेदीपूर्वी आम्ही केलेल्या तपासणीच्या अहवालात आम्ही दोषांचाच पाढा वाचला, ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे सांगितले नाही, थंड इंजिनाचा आग्रह धरून विक्रेत्याला नाराज केले आणि शेवटी गाडी दुसऱ्याने नेली, असे आपले म्हणणे आहे. मनात भरलेली गाडी हातची गेली की किती लागते याची आम्हाला कल्पना आहे. तरीही अहवालातील एकही ओळ मागे घ्यावी असे आम्हाला वाटत नाही, आणि त्याची कारणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

रंग आरशासारखा असताना गंजावर पानभर मजकूर कशासाठी, असा आपला मुख्य प्रश्न आहे. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नसते. सगळा भार बॉडीच पेलते, आणि रोडस्टरला वर छतही नसल्यामुळे दारांखालच्या सिल, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ तुळया, या गाडीचा कणाच ठरतात. प्रत्येक सिलमध्ये बाहेरचा, मधला आणि आतला असे पत्र्याचे थर असतात. आपल्या गाडीच्या दारांवर रंगाची जाडी 120 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास होती, तर डाव्या सिलच्या पुढच्या टोकाला ती 1000 मायक्रॉनच्या वर गेली आणि तिथे लोहचुंबकही धरेना, म्हणजे रंगाखाली पुट्टी होती. पाणी निचरण्याच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातल्यावर दिसले की मधला थर खालच्या कडेला गंजून जाळीसारखा झाला आहे आणि त्याला हात न लावता बाहेरून नवा पत्रा वेल्डिंगने चढवलेला आहे. गाडी त्या बाजूने जॅकवर घेताच दाराच्या कडेची फट बदलली आणि दार लावताना घासू लागले. तो फोटो अहवालात मुद्दाम मोठा छापला आहे. हे काम दुरुस्त करायचे म्हणजे दाराची चौकट आधी आतून आधार देऊन पक्की करायची, मग गंजलेला प्रत्येक थर कापून नवा बसवायचा आणि त्यानंतर त्या बाजूचे रंगकाम पुन्हा करायचे. इंजिन खराब निघाले तर ते उतरवून बांधता येते. सिल गेलेल्या गाडीत पत्र्याचे काम कुठे थांबेल हे उघडून पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

थंड इंजिनाचा आग्रह हा हट्ट नव्हता. गाडी रात्रभर उभी राहिली की झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्यात वर-खाली सरकतो त्या नळीतून) तेल हळूहळू खाली झिरपते आणि पहिल्यांदा चालू करताना काही क्षण निळा धूर येतो. आधीच गरम केलेल्या इंजिनात ही खूण दिसत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र इंजिन गरम करूनच मोजले. दोन आणि तीन क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये ते इतरांपेक्षा बरेच कमी भरले आणि प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडल्यावरही आकडा वाढला नाही. दोष पिस्टन रिंगचा असता तर तो वाढला असता. शेजारचे दोन सिलिंडर असे एकत्र पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सील करणाऱ्या थरावर, जातो, आणि अहवालात तेवढेच लिहिले आहे. गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि मागचा ॲक्सल उत्तम असल्याचे पहिल्याच पानावर नमूद आहे. त्याचा उल्लेखही आपल्या अभिप्रायात यायला हवा होता.

इंजिन क्रमांकाबद्दलही थोडे. जाहिरातीत इंजिन मूळचे असल्याचा दावा होता. 1967 च्या बहुतेक एमजीबींचा इंजिन क्रमांक ‘18जीबी’ने सुरू होतो, या गाडीवर ‘18व्ही’ होते आणि ती मालिका 1971 च्या सुमारास आली. बदललेले इंजिन चालायला वाईट असते असे मुळीच नाही, परंतु मूळ इंजिनाची किंमत मागितली जात असताना ते सांगणे आवश्यक होते.

‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक लिहीत नाही. ज्याला स्वतः वेल्डिंग येते आणि दोन वर्षे गाडी उघडी ठेवायला जागा आहे, त्याच्यासाठी हीच गाडी योग्य किमतीला चांगली ठरू शकते. आपल्याला ती लगेच चालवायची होती. म्हणूनच गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी करायची कामे आम्ही वेगळी काढून दिली. त्यात फुगलेले ब्रेक होज (ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळ्या) होते, आणि नक्षी खोल दिसत असूनही बाद करावे लागणारे टायरही होते, कारण त्यांच्यावरील तारखेच्या संकेतात तीनच अंक होते, म्हणजे ते 2000 सालापूर्वी बनलेले होते.

विक्रेत्याविषयी एवढेच, की जॅक, कॅमेरा आणि कॉम्प्रेशन चाचणी या तिन्हींसाठी त्यांची लेखी संमती आधीच घेतली होती आणि दोषांबद्दल त्यांच्याशी आम्ही एक शब्दही बोललो नाही. अहवाल फक्त आपल्याला दिला.

तपासणी पूर्ण झालेली असल्यामुळे शुल्क परत करता येणार नाही. मूळ फोटो आणि सर्व मोजमापे मात्र आपण मागाल तेव्हा पाठवू, म्हणजे आपल्या विश्वासातील दुसऱ्या मेकॅनिकलाही ती पडताळून पाहता येतील. पुढची गाडी पसंत पडली तर तपासणी ठरवण्याआधी दोन्ही सिल, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या स्प्रिंगांचे आधार यांचे खालून काढलेले फोटो विक्रेत्याकडून मागवून आम्हाला पाठवावेत. पूर्ण तपासणीवर खर्च करण्याजोगी ती गाडी आहे की नाही, हे त्यावरून आम्ही विनाशुल्क कळवू.