डेंग्यूचा डास गुडघ्यापाशी थांबत नाही

पावसाळा लागला की एक मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दोनदा येऊन गेला. मजकूर असा: डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही, खोबरेल तेल हे अँटिबायोटिक आहे, म्हणून गुडघ्यापासून पावलांपर्यंत तेल लावा, डेंग्यू होणार नाही. पाठवणारे काका काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच नुसतं 'हे खोटं आहे' म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आधी गुडघ्याचं. यात थोडं तथ्य आहे. एडिस इजिप्ती या डासाची मादी टेबलाखाली, पलंगाखाली दडून बसते आणि बरेचदा घोट्यांना, पावलांना चावते. पण ती हाताला, मानेलाही चावते, आणि उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही सापडते. शिवाय रांगणाऱ्या बाळाचं तर सगळं अंगच गुडघ्याच्या खाली असतं. त्याचं काय?

अँटिबायोटिकचं उत्तर छोटं आहे. डेंग्यू विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. खोबरेल तेल मुळात अँटिबायोटिक नाहीच, आणि असतं तरी इथे उपयोग शून्य. लावायचंच तर डास पळवणारं मलम लावा, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हा डास दिवसा चावतो, त्यातही सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त.

मेसेजवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. पायाला तेल लावलं की आपलं काम संपलं असं वाटतं, आणि डास जिथे जन्मतो तिकडे कुणी बघतच नाही. त्याच मेसेजखाली एकीने लिहिलं होतं, 'गटारं साफ करा म्हणावं आधी.' गटारं साफ व्हायलाच हवीत, पण गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि ते आपल्या घरात असतं. परवा मी आमच्याच फ्रिजमागचा ट्रे ओढून काढला. दोन बोटं पाणी, आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. माझी सावली पडताच सगळ्या झपकन तळाला गेल्या. आमच्या घरात डास नाहीत, असं मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात ते यासाठीच. मात्र पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याला चिकटलेली असतात. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. काथ्याने किंवा ब्रशने आतली बाजू खसखसून घासावीच लागते. आता जिथे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं, तिथे लोक हौसेने पिंपं भरून ठेवत नाहीत. त्यांना अस्वच्छ म्हणणं अन्यायाचं आहे. पिंपाला फडकं घट्ट बांधणं, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडणं हे घरच्यांनी करावं. नियमित पाणी देणं ही मात्र पालिकेचीच जबाबदारी.

'धूर फवारणी झाली, आता भीती नाही' हेही ग्रुपवर लगेच लिहिलं जातं. धुराने उडते डास मरतात, ट्रेमधल्या अळ्या तशाच राहतात.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नसते: आजारी माणूस. हा डास सहसा जन्मला त्या घराच्या आसपासच राहतो. विषाणू लांब नेतो आपणच, एसटीने, रेल्वेने, गणपतीला गावी जाताना. तापाच्या पहिल्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ लागतो, आणि मरेपर्यंत देत राहतो. म्हणून तापाच्या माणसाला भरदिवसाही मच्छरदाणीत ठेवा. आपल्याकडे मच्छरदाणी रात्रीच लावायची सवय आहे.

ताप आला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर पाजा, डॉक्टरांना दाखवा. आणि ताप उतरला की माणूस लगेच कामावर जायला निघतो, त्याला थांबवा. त्यानंतरचे 24 ते 48 तासच जोखमीचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठा.