बंदीची पाटी आणि वाटेची डागडुजी

परवा मावसभावाने फोनवर पुन्हा तेच ऐकवलं. वनखात्याने त्याच्या लाडक्या वाटेवर पावसाळ्यापुरती बंदी घातली, नाक्यावर पोलीस उभे केले, ऐन जुलैतला शनिवार फुकट गेला. ‘तुमच्या तिकडे ज्वालामुखीवर चढू देतात, आणि आम्हाला साध्या धबधब्यापाशी जायला १४४!’ (ते कलम आता १६३ झालंय, पण तोंडात १४४च बसलंय.) मागून मावशीचा आवाज: बंदी घालतात तेच बरं, पोरं रील काढायला जातात आणि जिवाला मुकतात. मी रियुनियनला, हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटावर राहते म्हणून दोघांनाही मी आपलीच साक्षीदार वाटते. मला मात्र दोघांचंही ऐकून वैताग येतो.

मुळात ‘चढू देतात’ हेच अर्धवट आहे. इथला पितों दे नेज ३,०७० मीटर उंच, हिंदी महासागरातलं सगळ्यात उंच शिखर. हा झोपलेला ज्वालामुखी, हजारो वर्षांत जागा झालेला नाही. जागा आहे तो त्याचा धाकटा भाऊ, फुर्नेझ. तो पेटला की प्रेफेचा, म्हणजे इथल्या सरकारी प्रमुखाचा, हुकूम निघतो, त्याच्याकडे जाणारं पा द बेलकोंबचं फाटक बंद होतं आणि लाव्हा बघायला चोरून आत शिरलेल्यांना दंड बसतो. शिरतात, हो. इथेही शिरतात.

नेजवर भीती आगीची नाही, पाण्याची. जानेवारी १९६६ मध्ये याच बेटावर फोक-फोकला चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आजही टिकून आहे. २००५ च्या २६ जुलैला मुंबई बुडाली तेव्हा ९४४ मिलिमीटर पडला होता, यावरून अंदाज करा. अशा पावसात डोंगराचा कडा सुटून वाटेवर येणं ही इथे बातमी नसते. बेलाल, गारान्स असं चक्रीवादळ आलं, की आधी रेड अलर्ट, घराबाहेर पडलात तर दंड, आणि वादळ गेल्यावर वाटा आठवडेच्या आठवडे बंद.

पण बंद म्हणजे कशा? ओएनएफच्या, म्हणजे इथल्या वनखात्याच्या, यादीत एकेका वाटेचं नाव असतं. ही उघडी, ही बंद, हिचा एवढाच तुकडा बंद, कारण दरड. मग त्यांची माणसं करवती आणि पहारी घेऊन जातात, पडलेली झाडं कापतात, वाहून गेलेल्या लाकडी पायऱ्या नव्याने ठोकतात, आणि एक दिवस यादीत ती वाट उघडी दिसते. बेटावर हजारेक किलोमीटरच्या वाटा अशा सांभाळल्या जातात. माझं भांडण एवढ्यावरच आहे. आपल्याकडे वाद होतो तो सोडायचं की अडवायचं याचा. वाट कोण दुरुस्त करणार, हे ना भाऊ विचारतो, ना मावशी. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि लगेच तालुकेच्या तालुके बंदीच्या एका कागदात आले. कागद काढायला कितीसा खर्च येतो? पहार घेऊन वर्षभर हिंडणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो.

नेजची चढण ल ब्लॉकपासून सुरू होते, सिलाओस गावाच्या जरा वर. सुरुवातीलाच अशा उभ्या पायऱ्या की गप्पा आपोआप बंद पडतात. खाली क्रिप्टोमेरियाची झाडी, मग उंचावरची खुरटी झुडपं, आणि मान वळवली की सिलाओसचं अख्खं खोरं पायाखाली. काव्हेर्न द्युफूरचं रेफ्यूज, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचं घर, साधारण २,४८० मीटरवर आहे. तिथे आधी नोंदणी करूनच जायचं. डबलडेकर पलंग, गार पाणी, रात्री मोठ्या पातेल्यातून भात, सिलाओसची मसूर आणि रुगाय, म्हणजे टोमॅटोचा झणझणीत रस्सा. मसुरीच्या त्या आमटीत गूळ-आमसूल नाही म्हणून मी दर वेळी मनातल्या मनात कुरकुरते आणि दर वेळी दुसऱ्यांदा वाढून घेते. पहाटे तीनला सगळे उठतात, कपाळावर बॅटऱ्या बांधतात, आणि पांढऱ्या रंगाचे ठिपके शोधत मुरमाड दगडांतून वर निघतात. वर थंडीने बोटं वाकत नाहीत. जुलैत दगडांवर दव गोठलेलं असतं. उष्ण कटिबंध वगैरे सगळं खाली समुद्रावर. कुणी स्पीकर लावत नाही, कुणी घोषणा देत नाही. (रविवारी पिकनिकला रस्त्याकडेला जे वाजतं, तो विषय वेगळा.)

रेफ्यूजमध्ये माझ्याशी सगळे आधी क्रिओलमध्ये, इथल्या बोलीत, बोलतात. चेहऱ्यावरून मी त्यांना इथलीच मलबार वाटते, दीडशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला आणलेल्या तमिळ मजुरांची पणती. मी तोंड उघडते आणि माझं पुस्तकी फ्रेंच ऐकून त्यांचा चेहरा जरासा पडतो. पाहुणी निघाली! डोंबिवलीला गेल्यावर हेच उलट होतं. चेहरा चालतो, बोलणंही चालतं, मत मांडलं की मात्र ‘तुला काय, तू तिकडे’.

म्हणून मी दगडाचा आधार घेते. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त झोतातून वर आला, तोच झोत आज या बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत त्यावरून उत्तरेला सरकत गेला. मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उरली, मग मॉरिशस, आणि शेवटी हे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि नेजचा कडा एकाच चुलीवरचे. हे मी इथल्या सहकाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय की ते आता मीच वाक्य सुरू करायच्या आत मान डोलावतात. देशात असताना कधी कुठल्या कड्याच्या वयाची चौकशी केली नव्हती. तिथे असताना गरज काय होती?

तुलना करताना मी काय वगळते, तेही मला ठाऊक आहे. वाटा सांभाळायचा पैसा पॅरिसहून येतो, आणि तो का येतो हे या बेटाच्या इतिहासात आहे. लोक नऊ लाखांच्या आसपास; म्हणजे एका कल्याण-डोंबिवलीहून कमी. माफातच्या खोऱ्यात रस्ता नाही, सामान हेलिकॉप्टरने उतरतं, पर्यटकांना ते फार रम्य वाटतं. पण तिथल्या रहिवाशांची जमीन त्यांच्या नावावर नाही आणि ओएनएफचं नाव काढलं की ते काय बोलतात ते इथे छापता येणार नाही. कुणी पाय मोडून घेतला तर जॉंदार्मचं, म्हणजे इथल्या पोलिसांचं, हेलिकॉप्टर येतं, फुकट. आपल्याकडे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मुलं आपापली कामं सोडून दोर घेऊन दरीत उतरतात. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा अंधारात, चिखलात, ती वाट चढून वर पोचले ते आधी असेच लोक. हा हिशेब मी मांडते तेव्हा माझी बाजू लंगडी पडते, म्हणून फोनवर मांडत नाही.

इर्शाळवाडीतल्या ठाकरांना तर बंदी असो वा नसो, रोज त्याच वाटेने खाली उतरावं लागत होतं. आमच्या वादात तीन वर्षांत त्यांचं नाव आलेलं नाही. शनिवार फुकट गेला हेच येतं.

डिसेंबरात सुट्टी आहे. भाऊ म्हणतो हरिहर गडावर जाऊ, पहाटे लवकर निघू, नाहीतर पायऱ्यांवर रांग लागते. जाईन. नाक्यावर शुल्क मागितलं तर देईन, कुरबूर न करता, पण पावती घेईन आणि विचारीन की गेल्या वर्षीच्या पैशांतून कोणती वाट दुरुस्त झाली. त्यावर भाऊ लाजेने बाजूला जाऊन उभा राहणार, हे आत्ताच दिसतंय. राहू दे. तेवढा भोचकपणा करायला मला युरोपीय पासपोर्ट लागत नाही, आणि तो माझ्याकडे नाहीही.