राहू द्या की, कधीतरी लागेल

मालक, कारखान्याची वेबसाइट काढताय ना? मग सर्व्हर बसवताना स्क्रीनवर जेवढ्या चौकटी दिसतील, तेवढ्या सगळ्यांवर टिक मारा. वेबडॅव, लुआ, प्रॉक्सी, जे जे जोड-भाग (मोड्यूल) असतील ते सगळं. चादरी-टॉवेलचे चाळीस फोटो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीचा पत्ता दाखवायला यातलं काहीच लागत नाही, पण फुकटचं सोडता कशाला? माळ्यावर मोडके धोटे ठेवलेतच की आपण.

'वापरत नाही म्हणजे बंदच आहे' हे वाक्य पाठ करून ठेवा. २००१ साली ते जगभर पाठ होतं. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरबरोबर इंडेक्सिंगची (साइटवर शोध घ्यायची) एक डीएलएल, म्हणजे जोड-कोडाची फाइल, यायची, आयडीक्यू नावाची. इंडेक्सिंगची सेवा बंद असली तरी हल्लेखोराचं काही अडत नव्हतं. 'आयडीए' आणि 'आयडीक्यू' ही एक्स्टेन्शनं त्या डीएलएलला जोडलेली असली की पुरे. तशी विनंती आली की सर्व्हर ती डीएलएलच्या हातात देणार आणि डीएलएल ती लांबी न मोजता उतरवून घेणार. वर ती चालायची सिस्टिमच्या अधिकारात, म्हणजे घुसणाऱ्याला थेट तिजोरीची किल्ली. दुरुस्ती आली १८ जूनला. १९ जुलैला कोड रेड नावाच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांवर मशिनं गाठली. महिनाभर लोकांनी घाई केली नाही, आपणही करू नये.

लांबी न मोजल्यानं एवढं काय होतं, असं कुणी विचारलं तर ट्रान्सपोर्टची बिल्टी दाखवा. पार्टीच्या नावाला बारा घरं, लगेच शेजारी 'माल कुठे उतरवायचा' याची घरं. कारकून सांगेल तेवढं लिहीत सुटणारा. पार्टीनं चाळीस अक्षरी नाव सांगितलं, आणि त्यातली शेवटची अक्षरं म्हणजे स्वतःच्याच गोदामाचा पत्ता. नाव पुढच्या घरांत सांडलं, खरा पत्ता पुसला गेला. ड्रायव्हर प्रामाणिक आहे, तो लिहिलंय तिथंच जाणार. पुण्याच्या गासड्या निघाल्या भलतीकडेच. कॉम्प्युटरच्या स्टॅकवर (चालू कामाच्या नोंदी ठेवायची मेमरी) त्या शेजारच्या घरात 'काम संपल्यावर परत कुठे जायचं' हा पत्ता असतो. कोड रेडच्या विनंतीतली 'एन'ची दोनशेवर अक्षरं म्हणजे फक्त घरं भरायचा भुसा. खरा माल त्याच्या मागं.

काही बिघडलंच तर बंद करून चालू करा. कोड रेडवर हा उपाय खरंच चालायचा! तो डिस्कवर उतरायचाच नाही, नुसता मेमरीत राहायचा, रीस्टार्ट केलं की साफ. भोक मात्र तसंच, त्यामुळं तो परतही यायचा. तुमचा चहा होईपर्यंत तरी निवांत.

हे जुनं झालं म्हणाल, तर ताजंही आहे. अपाचे या वेब सर्व्हरचं मॉड-लुआ, म्हणजे लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणारं मोड्यूल, आपण मुद्दाम चढवल्याशिवाय चढत नाही, म्हणून चढवाच. २.४.५१ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्याच्या 'पार्सबॉडी' या फंक्शनात मल्टिपार्ट (फाइल चढवतात तसा) फॉर्म वाचताना हाच घोळ होता. तेवढी फोड मात्र इमानदारीनं सांगतो: तुमची स्क्रिप्ट ते फंक्शन वापरत नसेल तर तिथं धोका नव्हता. पण ही स्क्रिप्ट कुणी लिहिली, तो मुलगा आता कुठे आहे, हे विचारत बसू नका. 'अपाचे-सीटीएल'ला मोठा 'एम' जोडून चढलेल्या मोड्यूलची यादी तर अजिबात काढू नका. यादी दिसली की नको ते काढावंसं वाटतं. डेबियनवर तर 'ए-टू-डिसमॉड लुआ' आणि एक रीस्टार्ट, एवढ्यात काम होतं.

वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणारी प्रोसेस, रूटच्या (सगळ्यात वरच्या) अधिकारात चालवायची हौस असेल तर थोडी मेहनत आहे. अपाचे सरळ नकार देतो. सोर्स नव्यानं कंपाइल करताना एक खास व्याख्या द्यावी लागते, तिचं नाव 'बिग सिक्युरिटी होल'. थट्टा नाही, लिहिणाऱ्यांनी हेच नाव ठेवलंय.

एरर लॉगमध्ये 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत भलतीकडे हात घातल्यानं वर्कर पडला) अशा ओळी ओळीनं यायला लागल्या तर दुर्लक्ष करा. एक वर्कर पडला की मूळ प्रोसेस दुसरा उभा करते, साइट चालूच दिसते. नवा वर्कर त्याच प्रोसेसमधून फुटलेला असल्यानं मेमरीची मांडणीही तीच. हल्लेखोराचा मेमरीतल्या पत्त्याचा अंदाज चुकला तर त्याला त्याच कुलपावर पुढची किल्ली लावून बघता येते. पाहुण्याला एवढी सोय नको का?

मॉड-लुआची दुरुस्ती, २.४.५२, डिसेंबर २०२१ मध्ये आली. डिसेंबरात कोण हात लावतं? सोलापूरची गड्डा यात्रा तोंडावर. गड्डा झाला की मार्च एंड, मग ऊन, एसी सर्व्हरला लावायचा की ऑफिसला हा वाद. मग पुढचा गड्डा येतोच की.