माशांचा ताप

आमच्या पुण्याच्या घरात, हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, थोडी मऊ पोवळी आणि सध्या तीन थर्मामीटर. 'सध्या' अशासाठी की मासे दोनाचे दोनच आहेत, वीण थर्मामीटरांचीच वाढतेय.

पहिली काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी. ती पाण्याचं कमी आणि हॉलचंच जास्त सांगते. पंखा बंद केला की मासे तापले म्हणून ओरड! म्हणून प्रोबवाला, म्हणजे वायरीच्या टोकाचा सेन्सर पाण्यात सोडायचा, डिजिटल आणला, आणि मग त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा डिजिटल. पट्टी म्हणे २९, एक डिजिटल २७.३, दुसरा २५.९. दशांश चिन्ह दिसलं की आपला उगाच विश्वास बसतो. खोक्यावर बारीक अक्षरात 'अधिक-उणे १ अंश' लिहिलेलं असतं, ते वाचतो कोण?

"एका अंशाने काय होतंय?" मेव्हणा म्हणाला. त्याचं काय जातंय! समुद्रातली पोवळी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा एकच अंश जास्त पाण्यात काही आठवडे राहिली तरी पांढरी पडतात.

आईने कपाटातला ताप बघायचा जुना थर्मामीटर काढून दिला. तो ३५च्या खाली बोलतच नाही. "मग ताप नाहीये त्यांना," असं म्हणून ती परत भाजी निवडायला बसली.

शेवटी बर्फाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. वितळत्या बर्फाच्या लगद्यात थर्मामीटरने शून्य दाखवायला हवं. टाकी खारी, तर परीक्षाही खारीच हवी, या शास्त्रीय विचाराने मी पातेल्यात वाटीभर मीठ ओतलं. दोन्ही डिजिटल उण्यात गेले. एक उणे ५ आणि दुसरा त्याच्याही खाली. दोन्ही भंगार! पिशवीत भरून दुकानात भांडायला निघालो, तर आईने दारातच अडवलं. "पॉटच्या आइसक्रीमला बर्फात खडेमीठ कशाला घालतो रे आपण? चवीला?"

लहानपणी दर मे महिन्यात त्या पॉटचा दांडा मीच फिरवायचो. बर्फात मीठ पडलं की तो शून्याच्या बराच खाली उतरतो, म्हणूनच आइसक्रीम जमतं. चपला काढल्या.

साधं पाणी, ठेचलेला बर्फ, दहा मिनिटं ढवळणं. एक डिजिटल १.४, दुसरा ०.१. पहिल्यावर चिठ्ठी लावली: '१.४ वजा करा'. म्हणजे पाणी खरं तर २६च्या आतच होतं. आणि त्याआधी आठवडाभर मी पाण्यावर टेबलफॅन सोडून ते थंड करत होतो! पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो दोन-तीन अंश सहज उतरवतो, पण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, खारटपणा वाढतो. मग रोज कळशीभर गोडं पाणी ओता.

परवा ऑफिसातून आईला फोन केला. "टाकीवर किती आहे गं?"

"सव्वीस. बरोब्बर."

"वजा करून?"

"काही वजाबिजा नको. स्वच्छ दिसतंय."

दिवसभर निवांत काम केलं. संध्याकाळी घरी आलो, तर हॉलची दारं-खिडक्या बंद, आई शाल घेऊन सोफ्यावर आणि हातात एसीचा रिमोट. त्यावर २६. प्रोब टाकीबाहेर लोंबत होता.

काचेवरची पट्टी मात्र पहिल्यांदाच आईशी सहमत होती.