अंगठी, मासा आणि माझा डावा कल्ला

आज तिसरा दिवस, आणि माझा डावा कल्ला अजून उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. बायको म्हणते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण म्हणताना मान तिरकी करते.

रविवारी सलूनमध्ये टीव्हीवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग हिंदीतून नुकताच सुरू झाला होता. होडीत बसलेल्या एकाच्या गळाला दांडगा मासा लागतो, मासा त्याला पाण्यात खेचतो आणि तळाच्या गाळात त्याच्या मुठीत अंगठी येते. शेजारच्या खुर्चीतले काका, गालभर फेस, एकदम ताठ झाले.

"काय सापडलं त्याला?"

"अंगठी," वस्तरा धरलेला पोरगा म्हणाला.

"माशापायी?"

"दिसतंय तर तसंच."

"शाकुंतल!" काका एवढ्या जोरात ओरडले की फेसाचा गोळा आरशावर जाऊन बसला. "अहो, ढापलंय! दुष्यंताची अंगठी शचीतीर्थात पडली, माशाने गिळली, कोळ्याला सापडली. थोडी लाज बाळगून मासा तरी बदलायचा! खेकडा दाखवायचा!"

मी गप्प बसायला हवं होतं. पण हा पिक्चर ज्यांवरून काढला ती टॉल्किनची पुस्तकं विशीपासून उशाशी घेऊन झोपणारा माणूस मी. "काका, यात अंगठी माशाच्या पोटात नसते," असं म्हणत मी मान वळवली. मशीन माझ्या कानाशी होतं. घात झाला तो तिथेच.

"या पिक्चरला अकरा ऑस्कर मिळालेत," मी म्हणालो.

"आणि कालिदासाला किती?"

यावर काय बोलणार? तरी बोललो. प्रामाणिकपणाची खाज वाईट. टॉल्किननं काही लपवलेलं नाही, 1937च्या त्याच्या 'हॉबिट' या पुस्तकातल्या बुटक्यांची नावं त्यानं 'वोलुस्पा' नावाच्या जुन्या नॉर्स काव्यातून घेतली, गँडाल्फ या जादूगाराचं नावसुद्धा त्याच यादीतलं, असं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कबूल!" काका अख्ख्या सलूनला म्हणाले. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली केला.

"वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरातली अंगठी उचलली असंही लोक म्हणायचे. त्यावर टॉल्किन म्हणाला, दोन्ही अंगठ्या गोल आहेत, साम्य तिथंच संपतं."

"तेच म्हणतोय मी! दुष्यंताचीही गोलच होती!"

बाक हसला. पोरगा हसला, वस्तरा काकांच्या गळ्यापासून वितभर लांब धरून. माझा कारागीरही हसला, पण मशीन लांब न धरता. अंगठी घालून अदृश्य होणारा धनगर प्लेटोनंही लिहून ठेवलाय, हे मी मुकाट्याने गिळलं. फिर्यादीला पुरावा कोण पुरवतं?

खरं उत्तर सुचलं घरी, अंघोळीला, मानेवरचे केस धुताना. कालिदासाने तरी कुठं आकाशातून आणलं? कथा महाभारताच्या आदिपर्वातली. तिथं अंगठीच नाही. राजाला सगळं आठवत असतं, तो चक्क नाकारतो. खुणेची अंगठी सापडते ती कट्ठहारी जातकात, म्हणजे बौद्धांच्या एका जुन्या कथेत. कालिदासाने अंगठी आणि शाप मध्ये घातले आणि लबाड राजाचा बिचारा विसरभोळा करून टाकला. उसनवारी करावी तर अशी! टॉल्किनचंही तेच. अदृश्य करणारी अंगठी जुनीच, पण हातातून सुटता सुटत नाही अशी ती त्यानं केली. मग कुणाचं कुणी ढापलं, काका? पण काका आता कुठले भेटायला.

माझा खरा राग वेगळाच आहे, आणि त्यावर सलूनमध्ये कुणी आरोळी ठोकत नाही. 'हॉबिट' हे मुलांचं, एका सुट्टीत संपणारं पुस्तक. 2012 ते 2014 दरवर्षी एक, असे त्याचे तीन पिक्चर काढले. ताणायला कमी पडलं म्हणून पुस्तकात नसलेली एक एल्फ बाई आणली आणि तिला एका बुटक्याच्या प्रेमात पाडलं. हे मात्र अस्सल, कुणाकडून न ढापलेलं! तिकिटं तीनदा काढली मी. पॉपकॉर्नचे पैसे मोजत नाही, मोजले तर झोप जाईल.

असो. तर रविवारी सलूनमध्ये शेवटी कारागिराने कापड झटकलं, मागे आरसा धरला. मी कल्ल्याकडे बोट दाखवलं. त्याने डोकं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला, "असा कट गावात दुसऱ्या कुणाचा सापडायचा नाही."

फेस पुसत काकांनी मान डोलावली.